तिरकी चुणी

मी शहापुरात ब्लाउज शिवते. सतरा वर्षं झाली. माणसानं हात उचलला की कापड कुठं ओढतं, मुंढा कुठं रुततो, पाठीवरची चुणी कुठून निघून कुठं जाते, हे माझ्या डोळ्यांना आपोआप दिसतं. लग्नात बायका अक्षता टाकायला हात वर करतात तेव्हाही माझी नजर आधी शिलाईवर जाते. म्हणूनच माझ्या लेकीचं बॅटिंग मला खेळातून कळलं नाही, तिच्या टी-शर्टावरून कळलं.

लेक बारा वर्षांची आहे. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची सख्खी धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि चेंडू टाकणारी मुलगी हात खालून फिरवून टाकते. आमच्या बेळगावात कुस्ती, हॉकी, क्रिकेट घरोघरी माहीत. हा खेळ मात्र बऱ्याच जणांना समजावून सांगावा लागतो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आहे, म्हणून पीटीच्या सरांनी मुली गोळा केल्या. हिची निवड झाली ती चिंचेच्या झाडावर दगड मारण्याच्या जुन्या सवयीमुळे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ साली आला, २००८ नंतर बंद झाला, टोकियोत परत आला आणि आता २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा असणार आहे. ते साल तिनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय. मी पुसलेलं नाही.

मागच्या जूनमध्ये त्या सरांची बदली झाली. शाळेत दोन बॅटा, आठ चेंडू, चार हेल्मेटं राहिली. शिकवणारं कुणी राहिलं नाही. त्यानंतरच्या स्पर्धेत ही तीन वेळा बॅटिंगला आली आणि तिन्ही वेळा एकाही चेंडूला बॅट न लावता परत फिरली. घरी येऊन रडली असती तर मला सोपं गेलं असतं. जेवताना ताटातला भात बाजूला सारत एवढंच म्हणाली, "मला बॅटिंग शिकवणारं कोणतरी बघ की, आई."

पोरगीसाठी शिकवणारा शोधायचा म्हणजे काय बघायचं, हे मला तेव्हा काही कळत नव्हतं. गणिताच्या शिकवणीला आपण निकाल विचारतो, गाण्याच्या क्लासला गुरू कोण ते विचारतो. इथं काय विचारायचं?

पहिल्यांदा आम्ही गेलो शहरातल्या एका क्रिकेट अकादमीत. मला वाटलं, बॅट ती बॅट. तिथले कोच मन लावून शिकवणारे होते, हे आधी सांगते. त्यांनी हिचा डावा कोपर वर आणला, बॅट सरळ रेषेत खाली आणायला लावली, डोकं चेंडूवर झुकवलं. तीन आठवड्यांत हिचा आधीचा होता तो फटकाही गेला. तेव्हा मी दुकानातली टेप घेऊन बसले आणि मोजलं. क्रिकेटची बॅट रुंदीला सव्वाचार इंचांपर्यंत असते आणि तोंडाला सपाट. सॉफ्टबॉलची बॅट गोल, जाडीला जास्तीत जास्त सव्वादोन इंच. चेंडूचा घेर १२ इंच भरला, माझ्या गिऱ्हाइकांच्या बाहीचा असतो तेवढा. गोलाला गोल लागायचं म्हणजे नेमकी बोटभर जागा जुळावी लागते. शिवाय क्रिकेटमध्ये चेंडू बहुतेक वेळा टप्पा खाऊन येतो, म्हणून बॅट उभी, सरळ रेषेत खाली आणायची. इथं टप्पाच नाही. चेंडू गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यात हवेतून येतो आणि बॅट खांद्यामागून आडवी फिरते. ज्याला एका गोष्टीत हात बसलाय त्याला शेजारची गोष्ट येतेच, असं नसतं. २००४ मध्ये अमेरिकेत जेनी फिंच नावाच्या सॉफ्टबॉलच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणारीनं, अल्बर्ट पुहोल्सला चेंडू टाकले. पुढं ज्याच्या नावावर ७०३ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) लागले तो हा बेसबॉलवाला, आणि त्याला तिचा चेंडू लागला नाही. वरून येणाऱ्या हाताची भाषा त्याच्या डोळ्यांना पाठ होती. खालून येणाऱ्या हाताची नव्हती. हे वाचल्यावर अकादमीच्या सरांवरचा माझा राग गेला.

एक गोष्ट मात्र मला तिथं खटकली होती आणि ती अजून खटकते. ते शिकवताना मागून येऊन हिचे खांदे धरून वळवायचे. वाईट हेतू नव्हता, मी समोरच बसलेली असायचे. पण विचारायचे नाहीत. हात लागला की हिची पाठ ताठ व्हायची आणि टी-शर्ट दोन्ही काखांत गोळा व्हायचा. मी रोज बायकांची मापं घेते. टेप अंगाला लावायच्या आधी "घेऊ का माप?" हे मी सतरा वर्षांत एकदाही विसरलेले नाही, ओळखीची असली तरी आणि घाईत असले तरी. मुलीसाठी शिकवणारा बघणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी हे आधी सांगेन: सराव उघड्या मैदानात आहे का, तुम्हाला बसून बघू देतात का, आणि अंगाला हात लावायच्या आधी पोरीला विचारतात का. बाकीचं नंतर.

मग मोबाईल. ह्यांनी रात्री बसून व्हिडिओ शोधले. अमेरिकेत फटका कसा मारावा यावर इतकं बोललं गेलंय की एक जन्म पुरणार नाही. त्यातली दोन नावं माझ्या लक्षात राहिली. एक टेड विल्यम्स. १९४१ च्या हंगामात त्याची सरासरी ०.४०६ होती, म्हणजे हजार संधींमागं ४०६ यशस्वी फटके. तो सांगायचा, कंबर वळवा, बॅट थोडी खालून वर जाऊ द्या. दुसरा चार्ली लाऊ. तो स्वतः खेळाडू म्हणून साधा, कारकिर्दीची सरासरी ०.२५५. तो सांगायचा, वजन मागच्या पायावरून पुढं न्या, फटक्यानंतर वरचा हात सोडून दिला तरी चालेल. त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट १९८० मध्ये ०.३९० पर्यंत गेला. एक थोर खेळाडू, एक साधा खेळाडू, सांगणं बरंचसं उलटसुलट, आणि दोन्हीकडून माणसं घडली. मला यातून एवढंच समजलं की शिकवणाऱ्याची स्वतःची पदकं बघून काही ठरवता येत नाही. माझ्या स्वतःच्या शिलाईच्या मावशी कधी एकही भारी ब्लाउज घालत नव्हत्या.

पण बारा वर्षांच्या डोक्यात हे सगळं एकदम शिरलं. एका व्हिडिओत सांगितलं होतं, मागच्या पायानं जमिनीवरचा किडा चिरडल्यासारखं वळा. दुसऱ्यात सांगितलं, किडा चिरडू नका, त्यानं वजन मागंच राहतं. ही गच्चीवर बॅट घेऊन उभी राहायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, "कोपर, गुडघा, किडा, मनगट." मी खाली काज करत बसलेली असायचे आणि ते पुटपुटणं ऐकून माझा जीव कासावीस व्हायचा.

एका दुपारी मी हिशेब केला. मोठ्या बायकांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. ताशी ८० किलोमीटरनं आला तर ०.६ सेकंदाच्या आत तो तुमच्यापाशी. त्यातले दीड दशांश सेकंद बॅट फिरण्यातच जातात. शेवटच्या काही फुटांत तर डोळा चेंडूच्या मागंच राहतो, कितीही मोठा खेळाडू असो. म्हणजे बघायला आणि ठरवायला मिळतं ते अर्ध्या सेकंदाहून कमी. एवढ्याशा वेळात "कोपर" हा एक शब्दसुद्धा नीट म्हणून होत नाही. आणि आम्ही तिच्या डोक्यात चार शब्द भरले होते. तिचं बॅटिंग आमच्या शिकवण्यानं बिघडत होतं.

यानंतर गडहिंग्लजकडचे एक सर झाले. ह्यांच्या आत्याच्या ओळखीतले. संकेश्वरवरून बसनं जाऊन-येऊन अख्खा रविवार जायचा. सर जाणकार, त्यांच्या हाताखाली पुष्कळ मुली, प्रत्येकीला मिळणार दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत त्यांनी हिच्या सात चुका सांगितल्या. सातही खऱ्या होत्या. मी वहीत लिहून घेतल्या. परत येताना हत्तरगीच्या पुढं ही खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि वहीतलं ते पान बघून मला वाटलं, कापड फाडून परत सुरुवातीपासून बेतायला सांगितल्यासारखं झालंय. आत्या म्हणत होत्या, "तिकडंच ठेव की हिला. महाराष्ट्रातून खेळेल." पण शाळा इथली, त्यामुळं शालेय स्पर्धेत ती कर्नाटकाकडूनच खेळणार. आणि बारा वर्षांची पोर घराबाहेर ठेवायचा माझा विचार नव्हता.

सापडलं ते दुकानातच.

वडगावच्या एक बाई माझ्याकडं दोन वर्षांपासून येतात. कन्नड बोलणाऱ्या, नवरा सरकारी शाळेतून पीटीचा मास्तर म्हणून निवृत्त झालेला. ब्लाउज न्यायला आल्या तेव्हा कोपऱ्यात उभी केलेली बॅट त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "आमचे मालक असलंच खेळवत होते की ओ, बैलहोंगलकडं असताना."

आमच्या भागात भाषा हा विषय चुलीवरच्या चहासारखा, रोजचा आणि उकळता. माझी शाळा मराठी, लेकीची शाळा मराठी, घरात वर्तमानपत्र मराठी, आणि त्याबद्दल मला मनापासून अभिमान आहे. कन्नड मला बाजारापुरतं येतं. त्या सरांचं मराठी तेवढंच. लेकीचं कन्नड बरं, कारण शाळेत विषय आहे आणि गल्लीत मैत्रिणी आहेत. मी विचार केला, समजावून सांगायला भाषाच पुरेशी नसेल तर हे कसं जमणार? माझ्या या विचारातच चूक होती.

पहिल्या दिवशी सर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आले, झाडाखाली दगडावर बसले आणि चाळीस मिनिटं काही बोलले नाहीत. मैत्रीण चेंडू टाकत होती, ही मारत होती, बहुतेक हुकत होती. मी कासावीस झाले, पण मला एकदम मावशी आठवल्या. नवं गिऱ्हाईक आलं की मावशी टेप उचलायच्या आधी त्या बाईला चार पावलं चालायला लावायच्या. कुठला खांदा उतरता आहे, पोक आहे का, हे टेपला कळत नाही म्हणायच्या. चाळीस मिनिटांनी सर उठले आणि लेकीला त्यांनी एकच विचारलं, कन्नडमध्ये: तुला कुठला बॉल मारायला आवडतो? तीन ठिकाणी फिरलो होतो. हे कुणीच विचारलेलं नव्हतं. ती जरा थांबली, मग हातानं कमरेच्या उंचीची, अंगाजवळची जागा दाखवली. सर म्हणाले, बरं, मग तोच शोधायचा.

पुढचे आठ दिवस त्यांनी हिला बॅट फिरवू दिली नाही. चेंडूंवर स्केचपेननं ठिपके काढले, काहींवर निळे, काहींवर काळे. हेल्मेट घालून उभं राहायचं (हेल्मेट नसेल तर ते हळू टॉससुद्धा टाकत नाहीत), चेंडू येऊ द्यायचा आणि जाता जाता रंग सांगायचा. बस. टाकायच्या आधी एकच शब्द, "नोडु." म्हणजे बघ. आणि चेंडू पट्ट्याबाहेर असला की, "बिडु." सोडून दे. तिसरा शब्द मला ऐकून हसू आलं, इतका घरचा वाटला: "सावकाश." हा शब्द त्यांच्याही तोंडात आहे आणि आमच्याही. ज्या माणसाकडं आमच्यासाठी तीनच शब्द होते, त्यानं माझ्या लेकीच्या डोक्यातले बाकीचे सगळे काढून टाकले. चौथ्या दिवशी गच्चीवरचं पुटपुटणं बंद झालं.

मधे एकदा माझीच चूक झाली. मी बाजूनं ओरडले, "अगं, कंबर आधी!" सर चालत माझ्यापाशी आले आणि त्यांच्या मराठीत शांतपणे म्हणाले, "अक्का, तुम्ही कापडावर कात्री चालवताना कोण बोललं तर चालतंय काय?" चालत नाही. कात्री लागलेली असताना मी कुणाचंच ऐकत नाही. तेव्हापासून मी सरावाला हातशिलाई घेऊन जाते.

नंतर चेंडू टीवर ठेवून मारणं सुरू झालं. टी म्हणजे उभ्या नळीवर ठेवलेला चेंडू. आमची प्लंबिंगच्या पाइपची आहे, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आणि इथं माझ्या कामातली गोष्ट मला दिसली. आधी ही मारायची तेव्हा हात आणि कंबर एकदम फिरायचे, टी-शर्ट पाठीवर सपाट राहायचा आणि काखेत बोचका व्हायचा. आता पुढचा पाय टेकला की आधी कंबर वळायला लागली, खांदे क्षणभर मागंच. त्या क्षणात पाठीवर एक चुणी उमटायची, कमरेपासून विरुद्ध खांद्यापर्यंत तिरकी, ताणलेली. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड दोन टोकांनी धरून ओढलं की जशी उमटते तशी. उरेब कापडात ताण साठतो आणि सोडला की ते झपकन परत येतं. सगळा जोर तिथं असतो. मी सरांना बोट करून ती चुणी दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, इतकी वर्षं शिकवलं, हे शर्टावर दिसतं हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या मागं उभे राहून बघायला लागले. निवृत्त झालेला माणूस एका शिंपिणीकडून नवी गोष्ट घेतो, हे बघून माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला.

जपानमध्ये सदाहारू ओ नावाचा बेसबॉलचा खेळाडू होता. १९६१ मध्ये त्याचे होमरन होते १३. मग हिरोशी अराकावा या प्रशिक्षकानं त्याला एका पायावर उभं राहून चेंडूची वाट बघायला शिकवलं. पुढं तलवारीनं लोंबता कागद कापायचाही सराव करून घेतला. १९६२ मध्ये ३८ होमरन झाले. कारकिर्दीत ८६८. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वडिलांच्या तालमीतले वस्ताद आठवले. नवा पोरगा आला की महिनोन्‌महिने फक्त जोर-बैठका आणि माती उकरणं. डाव शिकवायची घाई नाही. अराकावानंही एका पायाची एकच गोष्ट दिली आणि तिच्यामागं दिवसेंदिवस उभा राहिला.

सरांची फी महिन्याला पाचशे रुपये. मी म्हटलं, बाईंचे ब्लाउज मी तसेच शिवून देते. ते नाही म्हणाले. "पैसे घेतलं की मला वेळेला यायला लागतंय." मला हे फार आवडलं. फुकट शिकवणाऱ्याला आपण काही विचारू शकत नाही. पाचशे रुपये देते म्हणून मी त्यांना उघड विचारू शकते की या महिन्यात काय शिकवणार, आणि का.

आणि त्यांना सगळं येत नाही. डावखुऱ्या बाजूनं पळत पळत चेंडूला टोचण्याचा जो फटका आता मुली खेळतात, त्याबद्दल लेकीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, हे माझ्या काळात नव्हतं, तुमच्या गडहिंग्लजच्या सरांना विचारा. आम्ही गेलो. या वेळी सात चुका घेऊन नाही, एक प्रश्न घेऊन गेलो, आणि त्या सरांनी अर्धा तास देऊन तो इतका छान समजावला की मला माझी आधीची नाराजी मागं घ्यावी लागली. त्यांना एक प्रश्न घेऊन येणारी मुलगी हवी होती. ती तशी व्हायला आमचे वडगावचे सर लागले.

जानेवारीत मैत्रीचा सामना झाला. संघाच्या जर्सी मी शिवल्या. सगळ्यांच्या मुंढ्याला अर्धा इंच जास्त ढिलाई दिली. सकाळचं धुकं उतरत होतं. लेक पहिल्यांदा आली आणि तिनं बॅट हलवलीच नाही. चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले, चारही सोडले, फुकटात पहिला बेस, म्हणजे धावून गाठायचं पहिलं ठाणं, मिळाला. सर दगडावर बसलेले, तोंड मिटून. दुसऱ्यांदा हुकली, बाद. तिसऱ्यांदा चांगला लागला, आवाजच वेगळा, पण चेंडू सरळ दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या हातात. बाद. पाठीवर चुणी तिरकी होती, कमरेपासून खांद्यापर्यंत, मी बघितली.

पाणी प्यायला आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. बेसबॉलच्या चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात आणि ते हातानं घालतात, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिच्या पिवळ्या चेंडूवर लाल धागा असतो. बाटली तोंडाला लावायच्या आधीच म्हणाली, "आई, बॉलवरची शिलाई दिसली मला. येताना. लाल."

"कुठल्या बॉलची?" मी विचारलं. "लागला त्याची?"

"नाही. सोडला त्याची."